आधी बुश, मग आवाज : गाडीवाल्या वाचकांचे प्रश्न

जुन्या अमेरिकन व्ही8 गाड्यांवर मागच्या अंकात थोडं लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला. त्यातली निम्मी तरी एकाच गोष्टीवर आहेत, म्हणजे ड्युअल एक्झॉस्ट (धुराचे एकाऐवजी दोन पाइप) लावायचंय आणि सस्पेन्शन पण सुधारायचंय, कसं करू, आधी काय करू. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बाकीच्यांनी जरा थांबा, तुमच्या बॅटऱ्या आणि कार्ब्युरेटर पुढच्या वेळी.

प्रश्न : काका नमस्कार. मी मिशिगनमध्ये रोचेस्टर हिल्सला असतो. नोकरी ऑटो कंपनीतच आहे पण काम सगळं कॉम्प्युटरवर, हाताला ग्रीस काही लागत नाही. मागच्या हिवाळ्यात 1972 ची शेव्हेल मालिबू घेतली. 350 क्युबिक इंचांचं इंजिन, टू-बॅरल कार्ब (हवेची दोन तोंडं असलेला कार्ब्युरेटर), ऑटोमॅटिक, सिंगल एक्झॉस्ट. ऑगस्टमध्ये वुडवर्डच्या क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, न्यायचीय. एक्झॉस्ट आणि सस्पेन्शन दोन्ही करायचंय पण पैसे आत्ता एकाचेच आहेत. ऑफिसातला एक जण म्हणतो आधी एक्झॉस्ट कर, पॉवर लगेच वाढते. खरं का?

उत्तर : आधी सस्पेन्शन. ऑफिसातल्या मित्राला राग येईल, येऊ दे.

पॉवरचं आधी बोलू, कारण सगळा मोह तिथंच आहे. 72 च्या या टू-बॅरल 350 ला कारखान्याने 165 हॉर्सपॉवर लिहिलेत. 71 च्या कागदावर साधारण हेच इंजिन 245 दिसतं, त्यामुळे लोकांना वाटतं की वर्षभरात कंपनीने इंजिन मारून टाकलं, पण तसं नाहीये. 72 पासून आकडा नेट पद्धतीने द्यायला लागले, म्हणजे एअर क्लीनर, अल्टरनेटर, पूर्ण एक्झॉस्ट असं सगळं लावून मोजलेला, आणि आधीचा ग्रॉस, म्हणजे उघड्या इंजिनाचा. आता या इंजिनाला मागून दोन पाइप दिले तरी समोरून श्वास टू-बॅरलमधूनच घ्यायचाय ना! फार तर दहा-पंधरा हॉर्सपॉवर मिळतील, ते पण वरच्या आरपीएमला, जिथं तुम्ही सिग्नल टू सिग्नल गाडी चालवताना जातच नाही. पुढे कधी फोर-बॅरल क्वाड्राजेट आणि त्याचा इनटेक टाकलात तर मग ड्युअलचा खरा उपयोग. तोपर्यंत तुम्ही पैसे आवाजाचे देताय. आवाज भारी येतो, त्यात काही वाईट नाही, मलाही आवडतो, पण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

आता सस्पेन्शन आधी का, तर कारण साधं आहे. शेव्हेलमध्ये मागचे दोन्ही पाइप अ‍ॅक्सलच्या वरून, चासी आणि टायरच्या मधल्या फटीतून, टाकीच्या बाजूने मागे जातात. तिथं जागा किती, तर काही ठिकाणी दोन बोटं. तुमचे आत्ताचे स्प्रिंग 50 वर्षांचे, दबलेले, त्या उंचीला धरून एक्झॉस्टवाला पाइप वाकवणार. मग तुम्ही नवीन स्प्रिंग टाकणार, गाडी वर तरी जाईल नाहीतर दोन इंच खाली तरी बसेल, आणि पाइप खड्ड्यात अ‍ॅक्सलला ठण्णकन लागणार किंवा मागच्या स्वे बारवर (गाडीचं झुकणं रोखणारी आडवी सळई) बसणार. म्हणजे परत कापा, परत वेल्डिंग मारा. उलट सस्पेन्शन आधी झालं असेल तर गाडीची उंची पक्की, स्वे बार कुठे येतो ते दिसतंय, मग पाइप त्याच्याभोवती फिरवायचा. दोन कामं वेगळी वाटतात पण जागा एकच आहे.

तर सुरुवात खर्चाने नका करू, बघण्याने करा. पुढची बाजू उचला, पण जॅक खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाखाली लावा, चासीखाली नको. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसतो, त्यामुळे सगळा भार खालच्या बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा) असतो आणि आर्मखाली जॅक लावला की तो भार सुटतो, मगच त्याची ढिलाई हाताला कळते. चाक वर आणि खाली धरून हलवा, खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि स्टीअरिंग न फिरता चाक हललं तर टाय रॉड एंड किंवा आयडलर आर्म, दोन्ही स्टीअरिंगच्या जोडणीतले. आयडलर आर्म या गाड्यांमध्ये बहुतेक गेलेलाच असतो आणि लोक स्टीअरिंग बॉक्सला शिव्या घालत बसतात. मग टॉर्च घेऊन आर्मचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरी अस्तरं, बघा. रबर फुगून बाहेर आलेलं, तडकलेलं, नाहीतर आर्म एका बाजूला सरकून लोखंडावर लोखंड घासल्याची चमक दिसेल. अशा गाडीला महागडे शॉक लावणं म्हणजे पैसे गटारात.

माझा क्रम असा की आधी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड, मग चांगले गॅस शॉक, मग पुढचा जाड स्वे बार, सव्वा इंचापर्यंतचा, आणि मागचा बार. मागचा बार या चासीत दोन खालच्या आर्मच्या मध्ये बोल्टने बसतो, कंपनी स्वतःच एफ41 नावाच्या सस्पेन्शन पॅकेजमध्ये द्यायची. पण मालिबूचे साधे आर्म उघड्या पत्र्याचे, म्हणजे इंग्रजी यू सारखे, त्यांना बार लावला की ते पिळवटतात, म्हणून ते बॉक्स करून घ्या किंवा तयार बॉक्सवाले घ्या. बुशमध्ये रबर की पॉलियुरेथेन हे भांडण कायमचं आहे. पुढे पॉली लावलंत तर ग्रीस नीट भरा नाहीतर दर स्पीड ब्रेकरला चूं-चूं. मागे मात्र वरच्या दोन आर्मना दोन्ही टोकांना कडक पॉली लावू नका. ते वरचे आर्म तिरके आहेत, गाडी एका बाजूला झुकली की बुशला पिळावंच लागतं, आणि बुश पिळला नाही तर सगळं सस्पेन्शनच अडकतं. अ‍ॅक्सलच्या कानातले बुश रबराचेच ठेवा, मी तरी तेच सांगेन. दुकानदार पूर्ण कडक किट विकायला बघेल.

रबर बुशचा आणखी एक मुद्दा जो भल्याभल्यांना माहीत नसतो. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर, तिच्या रोजच्या उंचीला उभी असताना. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, हवेत लटकलेल्या आर्मला आवळलंत तर गाडी खाली आल्या आल्या ते कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत फाटतं, वर गाडी एका बाजूला उंच दिसते ती वेगळीच.

पुढचा कॉइल स्प्रिंग काढताना मस्करी नको. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. कॉम्प्रेसर आत घालून, स्प्रिंगमधून साखळी ओवून ती चासीला बांधून, आर्मखाली जॅक ठेवून हळूहळू खाली, आणि समोर उभं राहायचं नाही. हे एकट्याने करायचं काम नाही, आणि घरात कुणाला माहीत नसताना तर मुळीच नाही.

सगळं झालं की अलाइनमेंट. दुकानात गेलात की मुलगा कॉम्प्युटरमधून 72 चे कारखान्याचे आकडे काढेल आणि तिथंच घोटाळा होतो. ते आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (आत तिरक्या दोऱ्यांचे थर असलेल्या) टायरसाठीचे आहेत, तुमच्याकडे रेडियल आहेत. कागदावर लिहून न्या : कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) 3 ते 5 डिग्री पॉझिटिव्ह, जितका शिम्सने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, मिळेल तितका, कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) अर्धा डिग्री निगेटिव्ह, टो-इन (दोन्ही चाकांची पुढची कड आत) एक अष्टमांश इंच किंवा जरा कमी. नुसत्या एवढ्यानेच हायवेवर गाडी सरळ धावायला लागते, बाकी काही न बदलता. पैसे उरलेच तर उंच बॉल जॉइंट टाका. या चासीचा मूळ दोष हा की गाडी वळणावर झुकली की बाहेरचं चाक वरून बाहेर कलतं, टायर कडेवर चालतो, आणि उंच बॉल जॉइंटने ते उलटं होतं, चाक वरून आत कलतं, जसं कलायला हवं तसं.

क्रूझ ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, 1995 पासून चालू आहे. तिथं हजारो गाड्या बंपरला बंपर लावून चालतात. सिंगल एक्झॉस्टच्या मालिबूला कुणी हसत नाही. वळताना होडीसारख्या डुलणाऱ्या गाडीलाही नाही म्हणा, पण ब्रेक मारल्यावर ती कुठे जाईल हे तुम्हाला माहीत असलं तर बरं.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्याकडे 1969 ची कॅमारो, 350, फोर-बॅरल, हेडर्स (प्रत्येक सिलिंडरचा गॅस बाहेर नेणाऱ्या वेगळ्या नळ्या) आधीच्या मालकाने लावलेत. आता पाइप करून घ्यायचेत. एच-पाइप की एक्स-पाइप? आणि किती इंची? मित्राने तीन इंची लावलेत, त्याच्या गाडीत बसलं की हायवेवर डोकं उठतं, आपसात बोलता येत नाही. शिवाय सगळे म्हणतात की थोडं बॅक-प्रेशर, म्हणजे पाइपातला उलटा दाब, लागतंच, ते काय?

उत्तर : शेवटापासून येतो. बॅक-प्रेशर कुठल्याच इंजिनाला लागत नाही. लागतो तो वायूचा वेग. बारीक पाइपात गॅस जोरात धावतो आणि मागचा गॅस ओढून घेतो, जाड पाइपात तो रेंगाळतो, गार होतो आणि खालच्या आरपीएमचा दम जातो. लोकांनी जाड पाइप लावले, गाडी खालून मंद झाली, मग म्हणाले बॅक-प्रेशर गेलं. गेला तो वेग. तुमच्या 350 ला अडीच इंची बास, अगदी कारखान्याच्या स्थितीतलं इंजिन असेल तर सव्वादोन पण चालेल. तीन इंची हे चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवरच्या पुढच्यांनी बघावं, आणि त्यांना पण कॅमारोच्या खाली ते बसवताना घाम फुटतो.

मात्र अडीच म्हणजे वळणात पण अडीच राहायला हवेत. साध्या दुकानातल्या मशिनवर पाइप वाकवला की वळणात तो चिमटतो, सुरकुत्या पडतात, तिथं भोक लहान होतं. मॅन्ड्रेल बेंडमध्ये आतून आधार देऊन वाकवतात, व्यास तोच राहतो. महाग पडतं. मधला मार्ग म्हणजे मॅन्ड्रेलचे तयार तुकडे मागवायचे आणि स्थानिक माणसाकडून जोडून घ्यायचे.

आता एच की एक्स. हे कळायला आधी फायरिंग ऑर्डर बघू, शेव्हीच्या स्मॉल-ब्लॉकची 1-8-4-3-6-5-7-2. विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या बाजूला, सम उजव्या. आता परत वाचा : 8 आणि 4 लागोपाठ, दोन्ही उजवे. 5 आणि 7 लागोपाठ, दोन्ही डावे. म्हणजे इंजिन एकूण एकसारख्या अंतराने धडधडतं, पण एकेका बाजूचा पाइप ऐकलात तर तिथं लय तुटक आहे, दोन फटके जवळजवळ आणि मग मोकळी जागा. अमेरिकन व्ही8 चा तो गुडगुडाट येतो तो याच तुटक लयीतून. दोन पाइप पूर्ण वेगळे ठेवलेत तर हा आवाज सगळ्यात रांगडा, पण ज्या बाजूला लागोपाठ दोन फटके बसतात तिथं दाब साठतो. दोन्ही पाइपांना मध्ये जोडणारा आडवा तुकडा टाकला की तो एच, दाब थोडा दुसऱ्या बाजूला निघून जातो, आवाज खोल आणि जुन्या काळचा राहतो. एक्समध्ये दोन्ही पाइप एकमेकांत मिसळून परत वेगळे होतात, वरच्या आरपीएमला थोडा जास्त फायदा, पण आवाज चढा, जरा रेस गाडीसारखा. 69 च्या कॅमारोतून मला तरी तो आवाज नको वाटतो. एच लावा. कुठे लावायचा याची जुनी युक्ती अशी की हेडरच्या पुढच्या पाइपवर साध्या रंगाची लांब रेघ ओढायची, गाडी जोरात पळवून आणायची, रेघ जिथपर्यंत जळाली तिथं जोडायचा. कॅमारोत गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरमुळे जिथं जागा मिळते तिथंच तो बसतो, ती गोष्ट निराळी.

मित्राच्या गाडीत जो त्रास होतो त्याला ड्रोन म्हणतात. देवळाच्या गाभाऱ्यात कुणी ओंकार लावावा तसा तो एकाच सुरात घुमत राहतो. आकडे बघा : 3.08 चा मागचा गिअर, 26 इंची टायर, 55 माइलला इंजिन साधारण 2200 वर. व्ही8 एका फेरीत चारदा फायर होतं, म्हणजे सेकंदाला दीडशेच्या आसपास फटके, आणि या भारदस्त सुराला गाडीची आतली पोकळी आणि मागचे पत्रे साथ देतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाइप अ‍ॅक्सलच्या आधीच तोडू नका, थेट बंपरच्या मागे काढा. दुसरा, मफलर मोठा आणि लांब घ्या. आत नुसते पत्र्याचे कप्पे असलेले छोटे मफलर आवाज भारी देतात पण हायवेवर तेच जास्त घुमतात, तर टर्बो मफलर जरा सभ्य. टर्बो नाव ऐकून दचकू नका, ते शेव्हीच्या टर्बोवाल्या कॉर्व्हेअरच्या मफलरवरून पडलंय, तो मफलर मोकळा श्वास घ्यायचा म्हणून लोकांनी दुसऱ्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. एवढं करूनही घुमलंच तर पाइपाला एका टोकाने बंद असलेली आंधळी फांदी वेल्ड करतात, जे-पाइप म्हणतात तिला. तिची लांबी त्या सुराच्या लहरीच्या एक चतुर्थांश ठेवायची, आपल्या हिशोबाने सव्वादोन-अडीच फूट. आवाज तिच्यात जातो, उलटा परत येतो आणि मूळ आवाजाला मारतो. पण तेवढी फांदी ठेवायला खाली जागा शोधा म्हणजे झालं.

प्रश्न : आमच्या ह्यांनी गाडीला दोन सायलेन्सर लावून घेतलेत (1970 ची गाडी आहे, ओल्डस्मोबिल). पाइप मागच्या चाकाच्या अलीकडेच संपवलेत, म्हणतात आवाज छान येतो. मागच्या सीटवर मी आणि मुलगी बसतो, अर्ध्या तासाने डोकं दुखतं. ते म्हणतात जुन्या गाडीत वास यायचाच. – एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : ताई, ह्यांना हे उत्तर आजच वाचायला द्या, आणि पाइप मागे काढून होईपर्यंत मुलीला त्या गाडीत बसवू नका.

डोकं दुखतंय ते वासाने नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो, वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा. 1970 च्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ते 1975 च्या मॉडेलपासून आले, म्हणजे ह्यांच्या गाडीतून जे बाहेर पडतं ते कच्चंच पडतं. पाइप गाडीच्या पोटाखाली संपले की गॅस तिथंच कोंडतो आणि वर जायला वाटा शोधतो. पन्नास वर्षांच्या गाडीत वाटा भरपूर असतात. फ्लोअरमधले रबरी बूच गळून पडलेले, ट्रंकच्या झाकणाचं रबर कडक झालेलं, टेल लाइटच्या मागचे गॅस्केट गेलेले, मागच्या सीटच्या आड ट्रंक आणि केबिनमध्ये नुसता पुठ्ठा. आणि चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, मागच्या काचा उघडल्या तर गॅस बाहेर जायच्या ऐवजी आत ओढला जाऊ शकतो. म्हणजे तुम्ही हवा यावी म्हणून काच उघडता आणि उलटंच होतं.

पाइप बंपरच्या पलीकडे काढायचे, टोक मागे किंवा बाजूला, बॉडीच्या कडेबाहेर. सगळे बूच आणि रबरं नवीन, काहीशे डॉलरच्या आत होणारं काम आहे. सगळे सांधे तपासायचे, मॅनिफोल्डपाशी (इंजिनातला गॅस गोळा करणारा बिडाचा भाग) गार इंजिनला टिक-टिक येते का ऐकायचं, गरम झाल्यावर ती बंद होते म्हणून लोक सोडून देतात. कार्ब्युरेटर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालत असेल तर ट्यून करून घ्या. गाडीत एक छोटा बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर ठेवा, आकडा दाखवणारा, कारण घरातले अलार्म बऱ्याच वेळाने वाजतात. आणि घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, गाडी चालू ठेवून आवाज ऐकत बसायचं नाही. हे दर हिवाळ्यात कुणी ना कुणी करतं.

प्रश्न : काका, फ्रीमॉन्टहून. 1967 मस्टँग कूपे, 289. शेव्हेलवाल्यांचं वाचून तसंच करू का? आणि कॅलिफोर्नियात ड्युअल एक्झॉस्ट लावलं तर पकडतील का?

उत्तर : शेव्हेलवाल्यांचं वाचून तसंच करू नका, कारण तुमच्या गाडीत सगळं उलटं आहे. स्प्रिंग वरच्या आर्मवर, शॉक टॉवरच्या (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे उभे खांब) आत, म्हणजे भार वरच्या बॉल जॉइंटवर. स्प्रिंग वरून काढायचा, कॉम्प्रेसर वेगळा. मागे कॉइल नाहीतच, पाटे आहेत. चासी नाही, सगळी गाडी एकच पत्र्याचा डबा, त्यामुळे आधी शॉक टॉवरला तडे आहेत का बघा, गंज आहे का बघा. असेल तर आधी वेल्डिंग. मग एक्स्पोर्ट ब्रेस, म्हणजे दोन्ही टॉवरना मागच्या फायरवॉलशी बांधणारा एकसंध तुकडा, आणि दोन टॉवरच्या मध्ये आडवी माँटे कार्लो बार. दोन्ही मिळून स्वस्त आहेत आणि गाडी लगेच घट्ट वाटते.

मग शेल्बी ड्रॉप. 1965 च्या शेल्बी जीटी350 वर केलेलं काम, वरच्या आर्मची भोकं एक इंच खाली पाडायची. त्याने वळणावर बाहेरचं चाक वरून आत कलतं, गाडीचा रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) वर येतो आणि गाडी एकदम दुसरीच होते. खर्च काय, तर ड्रिल आणि टेम्पलेट. मापात चूक नको, एवढंच. पुढे 620 पाउंडाचे (इंचभर दाबायला लागणारा भार) स्प्रिंग बहुतेक लोक टाकतात, रोज चालवायला जरा कडक आहेत पण मला आवडतात. मागचे पाटे नवीन घ्या, जुन्यांना परत कमान द्यायचे प्रयोग चालतात भारतात ट्रकवर, या गाडीवर नको. पुढचा बार एक इंचाचा पुरे. मागे बार लावायची घाई नको, आधी चालवून बघा.

कायद्याचं. 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, त्यामुळे त्या बाजूने निश्चिंत राहा. आवाजावर मात्र मर्यादा आहे, 95 डेसिबल, आणि जुनी गाडी म्हणून सूट नाही. चांगला मफलर असलेलं अडीच इंची ड्युअल त्यात बसायला अडचण नसावी. मफलर काढून नुसता पाइप ठेवलात तर तिकीट मिळेल आणि माझी सहानुभूती मिळणार नाही.

प्रश्न : ह्यूस्टनहून. 1968 ची शेव्हेल, सिंगलचे ड्युअल करताना मॅनिफोल्ड काढायचेत. दोन बोल्ट हलेचनात. हेडर्सच लावून टाकू का?

उत्तर : बोल्ट हलेनात म्हणून हेडर्स हे काही कारण नाही, हेडर्स लावायला पण तेच बोल्ट काढावे लागणार. चांगलं गंजविरोधी तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारत राहा, मग इंजिन गरम करून बंद करा, बोल्टच्या भोवतीचं बीड टॉर्चने तापवा, आणि आधी किंचित आवळा, मग सोडा. आवळताना गंजाचा पापुद्रा तुटतो. थोडं सोडा, परत आवळा, परत तेल. डोकं तुटलंच तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करा, वेल्डच्या उष्णतेनेच तो बऱ्याचदा सुटतो. ड्रिल शेवटचा उपाय, आणि तिरकं ड्रिल गेलं तर हेड काढायची वेळ येते.

हेडर्सबद्दल, तुमच्या टेक्सासच्या उन्हात दोनदा विचार करा. स्मॉल-ब्लॉकचा स्टार्टर उजव्या बाजूला खाली, हेडरच्या नळ्या त्याच्या कानाशी. गाडी तापलेली, पेट्रोल भरायला थांबलात, परत चावी फिरवली की स्टार्टर उंऽऽ करून थांबतो. हीट शील्ड लावावं लागतं. प्लगच्या वायर जळतात. पहिल्या काही गरम-गार फेऱ्यांनंतर बोल्ट परत आवळावे लागतात, नाहीतर गॅस्केट उडतं. मॅनिफोल्ड जड आणि कुरूप असतील, पण ते गळत नाहीत, आवाज करत नाहीत आणि 2 पाइप त्यांनाही लागतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक झडप असते, हीट रायझर. गार इंजिनला ती बंद होऊन उजवा गॅस इनटेकच्या खालून फिरवते, कार्ब तापतो, चोक उघडतो. बहुतेक गाड्यांत ती गंजून अडकलेली असते. बंद अवस्थेत अडकली असेल तर तुमचं नवीन ड्युअल एक्झॉस्ट खरं तर सिंगलच आहे, एवढा खर्च करून! काढून टाकली तर ह्यूस्टनला चालेल, मिशिगनच्या थंडीत मात्र चोक उघडायला वेळ लागतो.

प्रश्न : पुण्याहून. स्वतः इम्पोर्ट केलेली नाही, इथेच शोरूममधून घेतलेली मस्टँग जीटी आहे. ड्युअल एक्झॉस्ट आणि लोअरिंग स्प्रिंग लावायचा विचार आहे. काय सुचवाल?

उत्तर : तुमच्या गाडीला ड्युअल कारखान्यातूनच आहे, 5 लिटर व्ही8 ला दोन्ही बाजूंनी पाइप. तुम्ही फक्त मागचे मफलर बदलू शकता, आणि तेही कायद्यात बसवून. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली जाताना तुम्ही पाहिलेच असतील. मस्टँगचा रोड रोलरखाली जाताना बघायला गर्दी जास्त होईल एवढाच फरक.

लोअरिंग स्प्रिंग? कर्वे रोडवर? नको हो. आहे त्या उंचीला ती स्पीड ब्रेकरवर पोट घासते. त्या पैशात चांगले टायर घ्या.

प्रश्न : पाइप कुठल्या धातूचे घेऊ, अ‍ॅल्युमिनाइज्ड की स्टेनलेस? दुकानदार म्हणतो स्टेनलेसला कधीच काही होत नाही. – ट्रॉय, मिशिगन

उत्तर : कुठलं स्टेनलेस ते विचारा. 409 वर तांबूस गंज येतो पण तो वरवरचा, पाइप टिकतो. 304 चकचकीत राहतो आणि किंमत पण तशीच. अ‍ॅल्युमिनाइज्ड सगळ्यात स्वस्त, मात्र वेल्ड केलेल्या जागी त्याचा लेप जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून वेल्डवर उष्णता सहन करणारा रंग मारून घ्या. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा गाडी बाहेर काढत असाल तर 409. हिवाळाभर कव्हरखाली ठेवत असाल, आणि ठेवायलाच हवी, तर अ‍ॅल्युमिनाइज्ड भरपूर झालं. वाचलेल्या पैशात चांगले हँगर घ्या, रबरवाले, आणि ते बसवताना गाडी चाकांवर उभी असलेल्या रॅम्पवर असू द्या, अ‍ॅक्सल खाली लटकलेल्या लिफ्टवर नको.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना गाडीचं वर्ष, इंजिन आणि मागचा गिअर रेशो लिहा. नुसतं ‘जुनी शेव्ही आहे, आवाज वाढवायचाय’ असं लिहिलं तर मी काय सांगणार!